बस्त्यासाठी मुंबई : एका आक्षेपाचा प्रतिवाद

लग्नसराई जवळ आली की जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतून बस्त्यासाठी मुंबईला निघणाऱ्या कुटुंबांविषयी एक ठरावीक मत ऐकू येते, आणि अलीकडे ते इतक्या सहजपणे मांडले जाते की त्याला पुराव्याची गरज आहे असे कोणाला वाटतही नाही. साडीपासून सोन्यापर्यंत सर्व काही गावातल्या दुकानात किंवा हातातल्या मोबाइलवर मिळत असताना चार-पाच माणसांनी रात्रभर एसटीत अवघडून शहर गाठणे, दिवसभर गर्दीत धक्के खाणे आणि गाठोडी सांभाळत परतणे हा निव्वळ सोस आहे, असे या मताचे सार सांगता येईल. त्याला जोडून आणखी तीन गोष्टी सांगितल्या जातात : या वारीत पैसा वाचत नाही, उलट वाढीव खर्च होतो, गावच्या व्यापाऱ्याच्या पोटावर पाय येतो, आणि मुळात लग्नातला देण्याघेण्याचा थाटच चुकीचा असल्याने त्यासाठी केलेला प्रवासही चुकीचा ठरतो. या चारही आक्षेपांत मिळून जेवढे तथ्य आहे तेवढे मान्य करूनही, नीट आखलेली बस्त्याची वारी हा सामान्य कुटुंबाने केलेला अत्यंत विचारपूर्वक आर्थिक व्यवहार असतो, आणि त्याला सोस म्हणणाऱ्यांनी तो व्यवहार जवळून पाहिलेला नसतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बस्ता म्हणजे लग्नासाठी एकाच वेळी करावयाची कापडखरेदी. नवरीचा शालू किंवा पैठणी, नवऱ्या मुलाचा पोशाख, दोन्हीकडच्या मानकऱ्यांच्या साड्या, फेटे, उपरणी, आणि ज्यांना ‘देण्याघेण्याच्या साड्या’ म्हटले जाते त्या पाहुण्यारावळ्यांसाठीच्या साड्यांची मोठी थप्पी, एवढे सारे त्यात येते. या खरेदीची तीन वैशिष्ट्ये तिला रोजच्या बाजारहाटापासून वेगळी काढतात. ती एका कुटुंबात वर्षानुवर्षांतून एकदा होते, म्हणून घेणाऱ्याकडे चालू भावाची माहिती नसते. ती एकगठ्ठा होते, म्हणून नगामागे पडलेला थोडासा फरकही एकूण रकमेत मोठा होतो. आणि तिला मुहूर्ताची मुदत असते, म्हणून चूक झाल्यास सुधारायला वेळ उरत नाही. किलोभर साखर आणि लग्नाचा बस्ता या दोन्ही खरेद्याच आहेत असे समजून एकीचे तर्कशास्त्र दुसरीला लावणे, हा आक्षेपकांचा पहिला आणि सर्वांत मोठा दोष होय.

माणसे काही वस्तूंसाठी दूर का जातात, या प्रश्नाचे उत्तर भूगोलशास्त्राने पुष्कळ आधी दिलेले आहे. जर्मन भूगोलज्ञ वाल्टर क्रिस्टालर याने १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतील गावांचा अभ्यास करून मध्यवर्ती स्थान सिद्धांत मांडला. त्याच्या म्हणण्यानुसार प्रत्येक वस्तूला दोन मर्यादा असतात : तिचे दुकान चालण्यासाठी लागणारे किमान गिऱ्हाईक, ज्याला ‘उंबरठा’ म्हणता येईल, आणि ती वस्तू घेण्यासाठी माणूस जास्तीत जास्त जितके अंतर जायला तयार असतो तो ‘पल्ला’. मीठमिरचीचा उंबरठा लहान, म्हणून ती वाडीवरही मिळते. खऱ्या रेशमी शालूचा उंबरठा मोठा, म्हणून त्याची चांगली निवड देणारे दुकान हजारो लग्ने होणाऱ्या मुलखाच्या केंद्रातच तग धरू शकते. महाराष्ट्रातील आठवडा बाजार, तालुक्याची पेठ, जिल्ह्याचे ठिकाण आणि पुणे-मुंबई ही चढती साखळी याच नियमाने उभी आहे, आणि ती राज्याच्या सीमा मानत नाही. गोव्यातली कुटुंबे लग्नाच्या कापडासाठी बेळगाव गाठतात ती याच कारणाने. तेव्हा साताऱ्याच्या किंवा लातूरच्या एखाद्या गावात शालूची पंधरा दुकाने नसणे हे त्या गावाचे वैगुण्य नव्हे, आणि त्या गावच्या माणसाने मुंबई गाठणे हा गावाचा अपमानही नव्हे.

मुंबईचे सामर्थ्य केवळ दुकानांच्या संख्येत नाही. एकाच धंद्याची दुकाने एकमेकांना खेटून असणे, हे तिथल्या बाजाराचे खरे बळ आहे. मंगळदास मार्केटच्या अरुंद बोळांत कापडाच्या गाळ्याला कापडाचाच गाळा लागून असतो. मुळजी जेठा मार्केट हे घाऊक कापडाचे. लोहार चाळ विजेच्या सामानाची. भुलेश्वर नकली दागिने, बांगड्या आणि पूजासाहित्याचे. झवेरी बाजार सोन्याचा. आणि दादर पूर्वेचा हिंदमाता परिसर साड्यांचा. लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्स आणि लालबागला मसाले, अशी ही वाटणी साऱ्या शहरभर पसरलेली आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर याने १९६१ मध्ये माहितीच्या अर्थशास्त्रावर लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले की भाव शोधण्यालाही खर्च येतो, आणि वस्तूवर जितका अधिक पैसा लागणार असेल तितका अधिक शोध घेणे फायद्याचे असते. हा शोधखर्च, म्हणजे एका दुकानातून दुसऱ्यात जाण्याला लागणारा वेळ, पैसा आणि श्रम, हिंदमात्याला जवळजवळ शून्यावर येतो, कारण पुढचा भाव पाच पावलांवर असतो. दुकानदाराला हे ठाऊक असते आणि गिऱ्हाइकालाही ते ठाऊक आहे याचीही त्याला कल्पना असते. त्याने सांगितलेल्या पहिल्या भावावर हा एकच दाब पुरेसा असतो. गावात एकुलत्या एका मोठ्या दुकानात बसलेल्या बाईच्या हाती असा कोणताही दाब नसतो, मग ती घासाघिशीत कितीही तरबेज असो.

मोबाइलवर सारे मिळते, हा आक्षेप आज सर्वांत जोरात केला जातो, म्हणून त्याचा विचार थोडा विस्ताराने केला पाहिजे. फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये वस्तूंचे दोन वर्ग केले : ज्यांचा दर्जा विकत घेण्यापूर्वी पाहून-पारखून कळतो त्या शोधवस्तू, आणि ज्यांचा दर्जा वापरल्यावरच कळतो त्या अनुभववस्तू. साडी ही दुकानात शोधवस्तू असते. पडद्यावर गेली की ती अनुभववस्तू होते, कारण तिथे पोत बोटांना लागत नाही, वजन हाताला जाणवत नाही आणि रंग कॅमेऱ्याने ठरवलेला असतो. दुकानातल्या दिव्यांखालीही रंग फसवतो, म्हणून जाणत्या बायका साडी दाराशी आणून दिवसाच्या उजेडात धरतात; मोबाइलच्या चित्राला दारच नसते. मिक्सर, गॅसची शेगडी, कंपनीचे पुस्तकी माप असलेले बूट, शाळेची पुस्तके या वस्तू मोबाइलवर मागवणे शहाणपणाचे आहे, कारण त्यांचा एक नग दुसऱ्यासारखाच असतो. त्यांच्यासाठी मुंबईला जाणारा खरोखरच वेळ वाया घालवतो. परंतु या वस्तूंवरून काढलेला निष्कर्ष पैठणीला लावता येत नाही.

पैठणीचेच उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. हातमागावर विणलेली पैठणी उलटी केली तर काठाची आणि पदराची नक्षी मागच्या बाजूनेही जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, कारण त्या विणकामात प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, आपल्या नक्षीच्या कडेपर्यंतच जातो, शेजारच्या रंगात अडकतो आणि तिथूनच मागे वळतो. यंत्रमागावरच्या साडीत तोच धागा नक्षी संपल्यावरही मागच्या बाजूने पुढे ओढलेला असतो, म्हणून तिथे सुट्या धाग्यांची जाळी दिसते किंवा ते कातरल्याच्या खुणा राहतात. हे पाहायला साडीचा पदर उलटा करून बोट फिरवावे लागते, बस्स. रेशमाची खात्री काठाच्या टोकाचा एखादा सुटा धागा जाळून करता येते : रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत चुरते, तर पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. जरीतही असेच थर आहेत. चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असलेली खरी जर, बाजारात ‘टेस्टेड’ म्हणून ओळखली जाणारी तांब्याच्या तारेची जर, आणि प्लास्टिकच्या चकचकीत पट्टीची जर यांच्या किमतींत मोठे अंतर असते आणि चित्रात मात्र तिन्ही सारख्याच लखलखतात. रेशमासाठी केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून सिल्क मार्क हे प्रमाणचिन्ह आहे, त्याचा उपयोग जरूर करावा, पण ते चिन्ह साडी रेशमी असल्याचे सांगते, हातमागावरची असल्याचे सांगत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकर्लॉफ याने १९७० मध्ये असे मांडले की, ज्या बाजारात विकणाऱ्याला मालाची खरी प्रत ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, तिथे वाईट माल चांगल्या मालाला हुसकून लावतो. मोबाइलवरच्या स्वस्त ‘पैठणी’ने नेमके हेच केले आहे, आणि येवल्याच्या विणकराचे त्यात जे नुकसान होते त्याची काळजी बस्त्याच्या वारीला नावे ठेवणाऱ्यांनी आधी करायला हवी.

देण्याघेण्याच्या साड्यांची गोष्ट निराळी, पण तीही पडद्यावर सुटणारी नाही. एका मानाच्या सर्व बायकांना साडी एकाच किमतीची हवी असते, परंतु रंग आणि काठ सारखे चालत नाहीत; चार जावांना एकसारख्या साड्या दिल्या तर ‘गठ्ठ्यातल्या दिल्या’ असे बोलले जाते, आणि किमतीत पन्नास-शंभराचा फरक कळला तर तो पुढची कित्येक वर्षे विसरला जात नाही. हिंदमात्याच्या दुकानात गादीवर बसून एकाच भावाच्या साठ-सत्तर साड्या उलगडायला लावून त्यांतून तीस वेचणे, वेचलेल्या साड्यांवर लगेच नावे घालणे आणि एकगठ्ठा घेतल्याबद्दल भाव आणखी खाली आणणे, हे काम दोन अनुभवी बायका तासाभरात करतात. परतीची सोय मोबाइलवर असते हे खरे, परंतु मुहूर्ताला तीन आठवडे उरलेले असताना, फॉल-बिडिंग आणि ब्लाउज शिवायचा असताना, परत केलेल्या साडीच्या बदल्यात दुसरी येईपर्यंत वाट पाहणे कोणाला परवडते?

आता पैशाचा हिशेब. वारीत पैसा वाचत नाही असे म्हणणारे बहुधा प्रवासखर्च डोळ्यांसमोर धरतात आणि नगांची संख्या विसरतात. समजा, तीन बायका आणि एक पुरुष एसटीने मुंबईला गेले आणि एका बाजूचे पूर्ण तिकीट सहाशे रुपये आहे. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्र राज्य परिवहन महामंडळाच्या सर्व प्रकारच्या बसमध्ये स्त्रियांना महिला सन्मान योजनेखाली अर्धे तिकीट आहे, म्हणून तिघींचे जाण्यायेण्याचे अठराशे आणि पुरुषाचे बाराशे मिळून तीन हजार होतात. जेवणखाण, लोकल, टॅक्सी आणि हमाली यांसाठी आणखी दोन हजार धरले तर एकूण पाच हजार. यादीत पन्नास साड्या असतील तर हा खर्च भरून यायला साडीमागे शंभर रुपयांचा फरक पुरे, आणि घाऊक बाजारात इतका फरक पडणे ही काही अपूर्वाई नव्हे; त्यापलीकडे शालूवर आणि नवऱ्याच्या कापडावर जे वाचेल ती शिल्लक. यादीत दहाच साड्या असतील तर मात्र प्रत्येकीमागे पाचशे रुपये वाचावे लागतील, आणि ते होणार नाही. म्हणजे वारी योग्य की अयोग्य याचे उत्तर आवडीनिवडीवर नाही, यादीच्या लांबीवर अवलंबून आहे, आणि ही गोष्ट गावातल्या ज्या कोणत्या आत्याला किंवा मावशीला बस्त्याला मुद्दाम सोबत नेले जाते, तिला कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकाशिवाय ठाऊक असते. कोकणातल्या आणि घाटावरच्या कुटुंबांना तर पूर्वी मुक्कामाचाही खर्च नसे, कारण लालबाग-परळच्या चाळीत प्रत्येकाचा कोणी ना कोणी गिरणी कामगार होता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर ते गिरणगाव विरत गेले आणि हक्काच्या खोल्याही गेल्या. आज एका दिवसात जाऊन येण्याची जी घाई दिसते, तिचे हे एक कारण आहे.

गावच्या व्यापाऱ्याविषयीचा आक्षेप चांगल्या मनातून येतो, म्हणून त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. गावचा कापडवाला उधारी देतो, निम्म्या रात्री दुकान उघडून दुखवट्याचे कापड देतो, साडी बदलून देतो. या सेवांची किंमत भावात लावली जाते आणि ती लावणे न्याय्यच आहे. परंतु त्याच्या दुकानातला माल गावात तयार झालेला नसतो. तो सुरतेहून, इचलकरंजीहून किंवा याच मुंबईच्या पेढ्यांवरून आलेला असतो, तेव्हा तिथे दिलेल्या पैशातला मोठा वाटा तसाही गावाबाहेर जातो आणि गावात राहतो तो व्यापाऱ्याचा नफा. दुसरीकडे, लग्नाच्या खर्चातला जो भाग खऱ्या अर्थाने गावात राबणाऱ्या हातांना मिळतो, म्हणजे मांडववाला, आचारी, वाजंत्री, पत्रिका छापणारा, शिंपी, फॉल लावणाऱ्या बायका, तो बस्त्याच्या वारीने कमी होत नाही. उलट कित्येकदा वाढतो, आणि याला कराचीही जोड मिळाली आहे : २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या नव्या दरांनुसार कापडावर आणि साडीवर ५ टक्के कर आहे, पण शिवलेला पोशाख २५०० रुपयांहून महाग असेल तर त्यावर १८ टक्के. मंगळदास मार्केटमधून कापड आणून नवऱ्याचा पोशाख गावच्या शिंप्याकडे शिवून घेणारे कुटुंब कर वाचवते आणि शिंप्याला काम देते. ज्या व्यापाऱ्याला गिऱ्हाईक शहराचा भाव जाणते असे माहीत असते, तो आपला भावही जपून सांगतो, आणि त्याचा लाभ मुंबईला कधीच न जाणाऱ्या शेजारणीलाही होतो.

सोन्याच्या बाबतीत आक्षेपक निम्मे बरोबर आहेत, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवे. झवेरी बाजाराचे आकर्षण पूर्वी शुद्धतेच्या भरवशात होते. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळखक्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. हा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ॲपवर घरबसल्या तपासता येतो, म्हणून ९१६ म्हणजे बावीस कॅरेटचे सोने जिल्ह्याच्या सराफाकडेही तेवढेच खरे ठरते आणि निव्वळ शुद्धतेसाठी मुंबई गाठण्याचे कारण उरलेले नाही. घडणावळीतला फरक आणि नमुन्यांची निवड एवढेच कारण उरते, आणि नमुना जर कोल्हापुरी साज किंवा ठुशीचा हवा असेल तर कोल्हापूरची गुजरी मुंबईपेक्षा सरस आहे. मात्र दोन गोष्टी कुठेही गेले तरी पाहाव्या लागतात. दोन ग्रॅमहून कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून नथ, मुरणी किंवा मंगळसूत्राच्या लहान वाट्या यांत अजूनही सराफाच्या शब्दावरच विसंबावे लागते, आणि तिथे ओळखीचा सराफच बरा. दुसरे, मंगळसूत्राचे वजन करताना काळे मणी आणि दोरा वगळून निव्वळ सोन्याचे वजन पावतीवर लिहून घ्यावे, कारण सोन्याचा भाव मण्यांना लागला तर घडणावळीत मिळालेली सूट एका क्षणात परत जाते.

सुधारकी आक्षेप सर्वांत गंभीर आहे. सत्यशोधक समाजाने १८७३ पासून साध्या, बिनखर्चाच्या लग्नाचा मार्ग दाखवला, नोंदणी विवाहाची सोय कायद्याने आहे, आणि आहेर-मानपान यांपायी कर्जात बुडणारी कुटुंबे महाराष्ट्रात आजही आहेत. मग पन्नास साड्यांची यादी घेऊन मुंबईला जाण्याचे समर्थन कसे करावे? याचे उत्तर असे की यादी किती लांब असावी हा एक प्रश्न आहे आणि यादीतला माल कुठे घ्यावा हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर सुधारकांचे म्हणणे पूर्णपणे मान्य करावे. ज्या कुटुंबाला आहेर बंद करण्याचे धैर्य होते त्याचा गौरवच व्हावा. परंतु ज्या बापाला नात्यागोत्याच्या दडपणाखाली तीस साड्या द्याव्याच लागणार आहेत, त्याला त्या महाग भावाने घ्यायला लावून समाजसुधारणा होत नाही, त्याचे कर्ज तेवढे वाढते. उलट वारीच्या तयारीत यादीवर बसून एकेक नाव वाचले जाते तेव्हाच ‘हिला खण पुरे’, ‘त्यांच्याकडून आपल्याला काही आले नव्हते’ अशी काटछाट होते. गावातल्या दुकानात चार फेऱ्यांत पाच-पाच साड्या घेणाऱ्या घरात ही काटछाट कधीच होत नाही, कारण तिथे एकूण आकडा कोणासमोर येतच नाही.

म्हणूनच नियोजनाचे महत्त्व. आणि इथे वारीच्या विरोधकांइतकीच टीका तिच्या उथळ समर्थकांवरही करावी लागते. एका दिवसात क्रॉफर्ड मार्केट, मनीष मार्केट, कुलाबा, लिंकिंग रोड आणि दादर असे सारे ‘करून’ टाकण्याचे जे सल्ले दिले जातात, ते पर्यटकासाठी ठीक असतील, बस्त्यासाठी घातक आहेत. १८६९ मध्ये पुरी झालेली आणि आज महात्मा जोतिबा फुले यांचे नाव धारण करणारी क्रॉफर्डची मंडई पाहण्यासारखी आहेच, पण ज्याच्या यादीत तिथले काही नाही त्याने ती दुसऱ्या दिवशी पाहावी. एका दिवशी शहराचे दोनच भाग घ्यावेत. दक्षिणेकडचे घाऊक बाजार रविवारी आणि दादर सोमवारी बंद ठेवण्याचा प्रघात आहे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने आठवडाभर उघडी ठेवण्याची मुभा दिल्यावरही तो पुष्कळ ठिकाणी टिकून आहे, म्हणून मंगळवार ते शुक्रवार यांतला दिवस सुरक्षित. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण खुली झाल्यापासून दादर आणि काळबादेवी एकाच मार्गावर आले आहेत, त्यामुळे सकाळी साड्या आणि दुपारनंतर भुलेश्वर हा क्रम आता पूर्वीइतका दमवणारा राहिलेला नाही. क्रम मात्र तोच ठेवावा : आधी शालू, मग त्याच्या रंगावर बांगड्या आणि नकली दागिने, कारण बांगड्यांच्या रंगावर शालू शोधणाऱ्याला कोणताही बाजार पुरा पडत नाही. पहिल्या तीन दुकानांत काहीही न घेता नुसते भाव आणि पोत पाहण्याची शिस्त ज्या गटाला पाळता येते, त्याचीच वारी वसूल होते, आणि त्यासाठी गट चारांहून मोठा नसावा.

फसवणूक झाली तर तक्रारीसाठी पुन्हा मुंबईला कोण जाणार, ही भीती दाखवून लोकांना गावातच ठेवण्याचा प्रयत्न होतो, परंतु कायदा बदलला आहे. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार घेणारा जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिला शुल्क नाही. अट एकच, की हातात कराच्या नोंदणी क्रमांकाची पक्की पावती हवी. कर वाचवण्याच्या लोभाने कच्च्या चिठ्ठीवर शालू घेणारा माणूस पाच टक्क्यांसाठी हा सारा हक्क सोडून देतो.

या वारीत खरोखर लाजिरवाणे असे काही असेल तर ते मुंबई शहराकडे आहे, गावाहून येणाऱ्यांकडे नाही. ज्या बाजारांचा धंदा बऱ्याच अंशी बाहेरगावच्या बायकांवर चालतो, तिथे त्यांना टेकायला बाक नाही, काही मोठ्या स्थानकांवरच्या सामानघरांखेरीज गाठोडे ठेवायला जागा नाही, आणि वापरता येईल असे स्वच्छ, मोफत स्वच्छतागृह सापडणे तर दुरापास्तच. मुंबईत स्त्री संघटनांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावाने चालवलेल्या मोहिमेने हा प्रश्न महापालिकेपुढे वारंवार मांडला आहे, तरीही काळबादेवीच्या गल्ल्यांत दिवसभर फिरणारी पन्नाशीची बाई आजही सकाळपासून पाणी न पिण्याचा निर्णय घेऊनच घराबाहेर पडते, आणि चौथ्या दुकानात तिने भाव न ताणता साडी उचलली तर त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. कापड बाजारांच्या व्यापारी संघटना आणि महापालिका यांनी मिळून प्रत्येक मोठ्या बाजारामागे एक स्वच्छतागृह आणि एक सामानघर चालवावे. त्याचा खर्च एका लग्नसराईच्या उलाढालीपुढे नगण्य आहे, आणि पक्की पावती दाखवणाऱ्याला ते मोफत ठेवले तर कच्च्या चिठ्ठीची सवयही आपोआप सुटू लागेल.